पाण्याची पकड

३ नोव्हेंबर, गुरुवार

ही वही प्रयोगशाळेची आहे. घाईत पिशवीत हीच आली. प्रत्येक पानावर छापील रकाने आहेत: नमुना, तापमान, वाचन, शेरा. मी रकाने न जुमानता पानभर लिहिते आहे. साहेबांनी पाहिलं तर नवी वही आणून द्यावी लागेल. पण हात रिकामे राहू नयेत म्हणून लिहिणं बरं.

सकाळी सव्वासहाला ताईच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. ताईला पहाटे इस्पितळात नेलं, मुलगी झाली, तू लगेच निघ. काकूंकडे माझा नंबर कसा, विचारलं. म्हणाल्या, फ्रिजच्या दारावर ठळक अक्षरात चिकटवलेला आहे, सगळ्यात वर. भावोजी जहाजावर इंजिनाच्या कामाला असतात, त्यांचा फोन लागत नाही, तेव्हा बहुधा त्यांनीच जाताना चिकटवला असणार.

ताईला एकोणतिसावा आठवडा चालू होता. मला ती गरोदर असल्याचंही मावसबहिणीकडून कळलं होतं.

दहाला पोचले. ताई ग्लानीत होती. बाळांच्या विभागात एक कागद पुढे केला गेला, नातेवाईक म्हणून सही करा. नात्यापुढे ‘मावशी’ लिहिलं. मग पेन तसंच धरून उभी राहिले.

काचेतून पाहिलं. वजन अकराशे ग्रॅम. अंगावर वायरी, तोंडावर पट्ट्या. प्रत्येक श्वासाला छातीचं हाड आत ओढलं जात होतं, जणू आतून कोणी मुठीत धरून खेचतंय. यंत्रावर प्राणवायूचा आकडा एक्क्याऐंशी. हवा दाबाने देऊनही चढत नव्हता.

बाळांचे डॉक्टर इतके उंच आहेत की काचपेटीवर वाकताना घडी घातल्यासारखे दिसतात. बाहेर येऊन त्यांनी शांतपणे सांगितलं. फुप्फुसात लाखो बारीक फुगे असतात आणि ते आतून ओले असतात. ते पाणी फुग्याला आवळतं. पूर्ण दिवसांच्या बाळाचं फुप्फुस एक पदार्थ तयार करून पाण्याची ती पकड सैल करतं. हिचा पदार्थ अजून पुरेसा तयार झालेला नाही. म्हणून श्वास सोडला की फुगे मिटतात, आणि पुढच्या श्वासाला ते पुन्हा पहिल्यापासून उघडावे लागतात. रबरी फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात ना, तसं. दर श्वासाला. ती दमली आहे.

मी म्हटलं, “पृष्ठताण.”

ते वळले. “तुम्ही काय करता?”

“साबणाच्या कारखान्यात आहे. बारा वर्षं तोच मोजते.”

“मग तुम्हाला मी काय सांगायचं,” असं म्हणून ते आत गेले, कारण सांगायला वेळ नव्हता.

श्वासनळीत नळी घातली. छोट्या सिरिंजमध्ये दुधासारखं पांढरं औषध, तीन मिलिलिटरसुद्धा नसेल. तेवढं नळीतून आत सोडलं. आकडा आधी घसरला, चौऱ्याहत्तर. मग ऐंशी. मग सत्त्याऐंशी. मग त्र्याण्णव. दहा मिनिटं झाली असतील नसतील. सिस्टरांनी प्राणवायूचं बटण खाली फिरवलं, पुन्हा खाली फिरवलं, तरी त्र्याण्णव तसाच. राखाडी रंगाची ती मुलगी काचेपलीकडे माझ्या डोळ्यांदेखत गुलाबी झाली.

मी बारा वर्षांत हजारो नमुन्यांचा ताण उतरताना पाहिला आहे. तो असा दिसतो हे मला माहीत नव्हतं.

दुपारी ताई जागी झाली. मला पाहून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. एवढंच विचारलं, “किती?”

“अकराशे ग्रॅम. आणि प्राणवायू त्र्याण्णव.”

तिने डोळे मिटले. दोन वर्षांत आमचं समोरासमोर बोलणं झालं ते एवढंच.

शेरा: ताईच्या फाइलवर चूक आहे. ‘गर्भधारणा: तिसरी’ असं लिहिलंय. पहिलीच आहे. इस्पितळात ‘ध’चा ‘मा’ व्हायला वेळ लागत नाही. उद्या दुरुस्त करून घेईन.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी आकडा पुन्हा उतरला. डॉक्टर म्हणाले, दुसरी मात्रा हवी, आणि इस्पितळात होती ती एकुलती एक कुपी काल संपली. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात एक आहे, ते उसनी देतील. रुग्णवाहिका बाहेर गेलेली. मी म्हटलं, मी जाते.

चिठ्ठी आणि बर्फाची पेटी घेऊन टॅक्सीने गेले. तिथल्या औषध विभागातल्या बाईंनी कुपी पेटीत ठेवताना बजावलं, गार राहू दे आणि अजिबात हलवू नका, फेस होईल. मला हसू आलं. आमच्याकडे फेस झाला तर लोक खूश होतात. पण फेस म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. औषध बुडबुड्यांच्या कातड्यात जाऊन बसणार, फुप्फुसापर्यंत पोचणार काय?

येताना पुलाच्या अलीकडे रस्ता खणलेला होता. टॅक्सी दर दोन हातांवर आदळत होती. मी पेटी मांडीवर घेतली, मग मांडीवरून उचलून हातांवर तोलून धरली, की धक्के माझ्या कोपरांत जिरावेत. पुढे गाड्यांची रांग लागली. टॅक्सीवाला म्हणाला, इथून अर्धा तास तरी हलणार नाही. मी उतरले. दीड-दोन किलोमीटर असेल. धावावंसं वाटत होतं आणि धावता येत नव्हतं. काठोकाठ भरलेला पेला नेताना चालतात तशी चालले, गुडघे सैल ठेवून, पावलं घसटत. लोक बघत होते. एका बाईने विचारलं, पेटीत काय आहे. मी म्हटलं, श्वास आहे. तिला मी वेड लागलेली वाटले असणार. नंतर मलाही तसंच वाटलं.

पोचले तेव्हा सिस्टर नळीची तयारी करत होत्या. त्यांनी कुपी पाहिली, फेस नव्हता. मग म्हणाल्या, “हात धुऊन या आणि ही मुठीत धरा. शरीराइतकी ऊब आली पाहिजे. आठ मिनिटं.”

आठ मिनिटं मी कुपी मुठीत धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. आधी गार होती. मग काचेचा गारवा गेला. मग कुठपर्यंत माझी बोटं आणि कुठून कुपी ते कळेना.

साडेबाराला औषध गेलं. एकच्या सुमारास आकडा चौऱ्याण्णव.

ताईला काही सांगितलं नाही. तिला फक्त आकडा सांगितला.

५ नोव्हेंबर, शनिवार

आकडा स्थिर. डॉक्टरांना चहाच्या टपरीवर गाठलं आणि दोन दिवस मनात घोळणारा प्रश्न विचारला, की निरोगी फुप्फुसात ताण किती असतो. आमची सगळ्यात चांगली पावडर पाण्याला बहात्तरवरून तिसापर्यंत उतरवते, साहेब त्याचा अभिमान बाळगतात. शरीराच्या उबेला नुसत्या पाण्याचा आकडा सत्तर धरायचा.

डॉक्टर म्हणाले, श्वास पूर्ण सोडल्यावर जवळजवळ शून्य.

मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा म्हणाले, जवळजवळ शून्य. फुगा आक्रसतो तसे त्या पदार्थाचे रेणू एकमेकांजवळ दाटतात आणि पाण्याची पकड सैल होत जाते. म्हणून मिटत आलेला फुगा पुरता मिटत नाही. श्वास घेतला की रेणू पांगतात, पकड परत येते. हे दिवसाला हजारो वेळा, न चुकता.

मी चहा तसाच ठेवून निघाले. डॉक्टरांनी हाक मारून कपाची आठवण करून दिली.

मी काय मोजते ते मला कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर मीच कंटाळून सांगते. पाण्याच्या आतल्या रेणूला सगळीकडून शेजारी असतात. प्रत्येकाने धरलेलं असतं, त्यामुळे ओढाताण सगळ्या बाजूंनी सारखी आणि रेणू निवांत. वरच्या थरातल्या रेणूला मात्र वर कोणी नाही. त्याची सगळी ओढ खाली आणि बाजूला. म्हणून पाणी आपलं पृष्ठ शक्य तितकं लहान करायला बघतं, थेंब गोल होतो. आम्ही प्लॅटिनमची कडी पाण्यात बुडवून हळू वर उचलतो. पाण्याचा पडदा कडीला धरून वर येतो, ताणतो, तुटतो. तुटण्याआधी किती ओढ होती ते तराजू सांगतो. संपलं. आकडा लिहायचा, पुढचा नमुना घ्यायचा.

रेणूंना काही कळत नाही, धरणं आणि सोडणं हे आपले शब्द. एवढं मला पक्कं ठाऊक आहे. तरीपण आज वाटलं की बारा वर्षं मी एका दाराची मूठ मोजत बसले आणि दार कधी उघडलंच नाही. फुगा जितका लहान तितकी आवळणी जास्त, हे सूत्र मला झोपेतही येतं. जगातले सगळ्यात लहान फुगे कोणाच्या छातीत असतील, असा प्रश्न मात्र एकदाही पडला नाही.

कचेरीत जाऊन फाइलबद्दल सांगितलं. कारकून म्हणाला, ही नोंद पेशंटने स्वतः सांगितलेली असते. मी म्हटलं, पेशंट कळा देत असताना काय सांगणार? माझी बहीण आहे, मला माहीत नसेल तर कोणाला? त्याने मोठ्या सिस्टरांकडे पाठवलं. मोठ्या सिस्टर माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, बघू नंतर.

६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी ती रडत होती. नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, त्यामुळे आवाज फुटत नाही. तोंड उघडलेलं, कपाळाला आठ्या, मुठी वळलेल्या, आणि काचेच्या या बाजूला पूर्ण शांतता. मी पाच मिनिटं पाहिलं आणि जिन्यात जाऊन बसले.

अकराला नळी काढली. नाकाशी नुसती दाबाची हवा लावली. एक क्षण काही नाही. मग मांजराच्या पिलाइतका आवाज आला. काचेतून ऐकू आला नसता. आतल्या सिस्टरांनी मुद्दाम दार हातभर उघडं धरलं होतं.

ताईला चाकाच्या खुर्चीवरून आणलं होतं. ती त्या आवाजाकडे कान लावून बसली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझ्यासारखी रडते. सुरू व्हायला वेळ लावते.”

मी लहानपणी कशी रडायचे हे आता फक्त तिलाच माहीत आहे.

९ नोव्हेंबर, बुधवार

वजन एक हजार वीस. सिस्टर म्हणतात, सगळी बाळं आधी उतरतात. विभागात तिला सगळे आता ‘अकराशे’ म्हणतात. हे माझ्यामुळे झालं, मी पहिल्या दिवशी नाव न ठेवलेल्या बाळाची चौकशी वजनाने केली होती. आता ती एक हजार वीस आहे आणि तरी अकराशेच.

ती श्वास घ्यायला विसरते. अशी बाळं विसरतात म्हणे, मेंदूला अजून सवय नसते. पंधरा-वीस सेकंद काहीच नाही, यंत्र ओरडतं, सिस्टर येऊन तळपायाला टिचकी मारतात, आणि ती दचकून पुन्हा सुरू. आज चार वेळा झालं. चारही वेळा मी काचेबाहेर स्वतःचा श्वास धरून उभी होते.

ताई आता इस्पितळातल्याच आयांच्या खोलीत राहते, दर तीन तासांनी यंत्राने दूध काढते. सुरुवातीला बाटलीच्या तळाला थेंबभर यायचं. ती बाटली उजेडाकडे धरून मला विचारते, “किती?” मी डोळा रेषेच्या पातळीला आणून वाचते, आठ मिलिलिटर. पातळीची कड काचेला धरून वर चढलेली असते, ती न धरता मधला खोलगट तळ वाचायचा असतो. ताई म्हणाली, तूच वाच, मला चुकतं. एवढं सोपं तिला चुकत असेल असं वाटत नाही. बहुधा थकली आहे.

आमच्यात एवढंच चालतं. किती, आणि मी आकडा सांगते. बाकी विषय निघत नाही आणि ते बरंच आहे. आई गेली त्याआधीचे सहा आठवडे गावी तिचं सगळं मी एकटीने केलं. ताई आली ती अग्नी देऊन झाल्यावर, संध्याकाळी, पांढरीफटक, दाराच्या चौकटीला धरून. मी सगळ्यांसमोर म्हटलं, सगळं आटोपल्यावर पाहुणी आली. तिने उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतंच तर काय देणार, असं मी धरून चालले. अजूनही मला माझं चुकलं असं वाटत नाही. कधी कधी रात्री वाटतं, पण सकाळी नाही.

१४ नोव्हेंबर, सोमवार

लिहावं की नको हे ठरवायला तीन तास गेले.

भावोजींचा फोन लागला. जहाजावरून बोलताना प्रत्येक उत्तर यायला चार सेकंद लागतात. वजन सांगितलं, दूध सांगितलं, विसरणं कमी झालंय तेही सांगितलं. ते म्हणाले, जहाज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंदराला लागेल, मी नऊ तारखेला पोचतो. मग जाता जाता म्हटलं, फाइलवर चूक झालीय, तिसरी गर्भधारणा लिहिलंय, मी दुरुस्तीच्या मागे आहे, तुम्ही आल्यावर एक सही लागेल.

चार सेकंद झाले. आठ झाले. मला वाटलं फोन तुटला.

“चूक नाही ती,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. पहिलं लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गेलं, तिसऱ्या महिन्यात. दुसरं पाचव्या महिन्यात. आई गेली त्याच आठवड्यात. मी फोन केला तेव्हा ताईला सलाइन लावलेलं होतं. तिने ते काढायला लावलं, डॉक्टर नको म्हणत असताना सही करून बाहेर पडली आणि आठ तास बसने गावी आली. भावोजी बरोबर होते, पण तिने त्यांना दाराबाहेरच थांबवलं. मला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. म्हणाली, तिला आधीच पुष्कळ झालंय.

मी भावोजींना विचारलं, त्या संध्याकाळी मी सगळ्यांसमोर जे म्हटलं ते तुम्ही ऐकलंत का. चार सेकंदांनी ते म्हणाले, हो.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी गेले तेव्हा ताई दूध काढत होती. मी तिच्या खाटेच्या कडेला बसले. किती वाक्यं घोकून गेले होते, एकही आठवेना. ती यंत्राचा आवाज ऐकत बसली, मी फरशी बघत.

शेवटी तिनेच विचारलं, “फाइल दुरुस्त झाली का?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“मोठ्या सिस्टरांनी मला सांगितलं होतं. म्हणाल्या, तुमची बहीण रोज येऊन भांडते. मी म्हटलं भांडू द्या.”

“तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“कधी सांगणार होते? तुझ्या डोळ्यांत पाणीही नव्हतं त्या दिवशी. सहा आठवड्यांची जागी होतीस. तुझ्यावर आणखी एक मरण घालू?”

“मी म्हणाले ते…”

“ऐकलं होतं मी.” तिने बाटली यंत्रापासून सोडवली. “मला राग आला होता. खूप आला होता, खोटं कशाला बोलू. वर्षभर पुरला. मग संपला, आणि तोपर्यंत तुझा फोन यायचा थांबला होता.”

मी तिचा हात धरला. आम्ही असे हात धरणाऱ्यातल्या नाही, त्यामुळे नंतर तो सोडायचा कधी हे दोघींनाही कळेना. तो बराच वेळ तसाच राहिला. मग तिने दुसऱ्या हाताने बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरली. मला रेष दिसत नव्हती. मी डोळे पुसले आणि वाचलं, चाळीस.

दुपारी कचेरीत जाऊन कारकुनाची माफी मागितली. तो म्हणाला, कसली? त्याला आठवतही नव्हतं.

बाळाचं वजन एक हजार नव्वद.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

अकराशे दहा. जन्मली तेव्हापेक्षा दहा ग्रॅम जास्त. मोठ्या सिस्टरांनी पेढे मागितले. आजपासून ताई तिला रोज उघड्या छातीवर घेऊन बसणार, कातडीला कातडी लावून. त्याने बाळाचा श्वास स्थिर होतो म्हणतात. मला खरं वाटलं नव्हतं. काचेतून आकड्यावर नजर ठेवली. पाऊण तासात यंत्र एकदाही ओरडलं नाही.

मी सोमवारपासून कामावर जाते. शनिवार-रविवार आणि मधला एक दिवस येईन. साहेबांनी इतके दिवस काही विचारलं नाही, याबद्दल त्यांच्याविषयी माझं मत सुधारलं आहे.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

तेराशे साठ. नाकाची नळी निघाली. साधी हवा, आपण सगळे घेतो तीच.

डॉक्टरांना विचारलं, त्या दोन मात्रांतलं औषध अजून आत असेल का. ते म्हणाले, छे, ते केव्हाच शरीरात विरून गेलं. आता जे आहे ते तिने स्वतः तयार केलेलं.

बसमध्ये तीन तास हाच विचार. आमच्या कारखान्यात एक चांगला नमुना बनवायला चार रसायनतज्ज्ञ, दोन वर्षं आणि इमारतीएवढी भांडी लागली, आणि आम्ही तिसाच्या खाली आलो नाही. हिने काचेच्या पेटीत पडल्या पडल्या, झोपेत, जवळजवळ शून्य गाठलं. कोणी शिकवलं? कोणाचं बघून केलं? बरोबर जमलं की नाही ते तिला कोणत्या तराजूवर कळतं? शेजारच्या आसनावरच्या गृहस्थांनी विचारलं, ठीक आहात ना. मी म्हटलं, भाचीने एक मोठं काम केलं. ते म्हणाले, अभिनंदन, कितवीत आहे?

६ डिसेंबर, मंगळवार

ताईला कालपासून ताप. साधाच आहे, पण तिला आत सोडत नाहीत. काल दिवसभर बाळाला छातीवर कोणी घेतलं नाही आणि ती तीनदा श्वास विसरली. गेल्या दहा दिवसांत एकदाही विसरली नव्हती. भावोजी यायला अजून तीन दिवस.

अकराला मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. मला नखशिखान्त न्याहाळलं.

“सर्दी, खोकला, ताप?”

“नाही.”

“मग पुढून उघडणारा गाऊन घाला आणि आत या.”

मी म्हटलं, मी तिला अजून हातही लावलेला नाही. त्यांनी विचारलं, का? चौतीस दिवस मी तिथे उभी राहून काय काय वाचलं होतं, वजन, प्राणवायू, नाडी, दूध. याचं उत्तर मात्र कुठेच नव्हतं. माझे हात खरखरीत आहेत, रसायनांनी बोटांची टोकं सोलवटलेली असतात, तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, “हात कोण मागतंय? छाती द्या.”

आरामखुर्चीत बसवलं. काचपेटीची बाजू उघडली. एका सिस्टरने तिला उचललं, दुसरीने वायरी सांभाळल्या, आणि ती माझ्यावर आली.

वजन पंधराशे चाळीस. आमच्या पावडरच्या दीड पुडीएवढं. मी रोज त्या पुड्या कडेला सरकवत असते. ती मात्र अशी पडली की मला माझं शरीर कुठे ठेवावं ते समजेना. कान माझ्या बरगडीवर टेकलेला. ऊब इतकी की जणू तीच मला ऊब देत होती. सिस्टरांनी माझा तळवा धरून तिच्या पाठीवर ठेवला. पाठ माझ्या तळव्याहून लहान.

आणि ती पाठ वर आली. खाली गेली. वर आली.

तळव्याखाली लाखो ओले फुगे उघडत होते आणि मिटत होते, आणि अगदी मिटता मिटता थांबत होते. ते मला माहीत होतं. आकृती काढून दाखवता आली असती. पण बारा वर्षांचं माहीत असणं एकीकडे राहिलं आणि तळवा दुसरीकडे. कोणी धरलंय, कोण सोडतंय, काही म्हणजे काही सुचेना. मी अगदी हलका श्वास घेत राहिले, कारण माझी छाती हलली तर तिची झोप मोडेल.

एकदा ती थांबली. मला कळलं, यंत्राच्या आधी कळलं. मी काही करायच्या आत माझाच श्वास खोल गेला, छाती उचलली गेली, तिच्यासकट. आणि ती पुन्हा सुरू झाली. यंत्र ओरडलंच नाही. सिस्टर लांबून बघत होत्या, त्यांनी नुसती मान डोलावली.

काचेपलीकडे ताई उभी होती. तोंडाला मास्क, अंगावर शाल, डोळे तापाने लाल. तिला परत खाटेवर जायला सांगून दोन परिचारिका थकल्या होत्या म्हणे. ती सगळा वेळ तिथेच होती.

दीड तासाने बाहेर आले. ती बाकावर बसली होती. मी तिच्यापासून दोन हात लांब बसले, तसा नियम आहे.

“किती होते श्वास?” तिने विचारलं. “मिनिटाला?”

मी तोंड उघडलं. आकडाच नव्हता.

“मोजले नाहीत,” मी म्हटलं.

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

मग मास्कच्या आत काहीतरी झालं, मास्क फुगला, आत गेला, पुन्हा फुगला.

“हे आईला सांगायला हवं होतं गं,” ती म्हणाली.

आई गेल्यापासून आमच्या दोघींत तो शब्द आज पहिल्यांदा आला. मला आधी हसू आलं. तिलाही आलं. मग ते हसू राहिलं नाही. कसं आवरायचं ते दोघींनाही कळेना, आणि मोठ्या सिस्टर दोन वेळा बाहेर येऊन आम्हाला गप्प बसा म्हणून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा काही न बोलता आमच्या मधल्या त्या दोन हात जागेत पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या.